वाटेतला शब्द

"थांब पोरी, शब्द निघालाय तिकडून, येईलच."

नर्मदा हे एकदा म्हणाली होती, आणि जिला म्हणाली ती सुनिता, तिची सून, थांबली नव्हती. शब्दासाठी थांबायचं असतं हे सुनिताला तेव्हा ठाऊकच नव्हतं. तिच्या माहेरी कुणी थांबत नसे.

नर्मदा सायवनच्या पुढच्या एका पाड्यावरची. तलासरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे, पुढे गुलमोहर, मागे पाण्याची टाकी. तिथे ती ऐन उमेदीत झाडूपोछ्याला लागली आणि केस पिकेपर्यंत राहिली. पण झाडू तिच्या हातात फार दिवस टिकला नाही. डॉक्टर बाहेरून येत, मराठी नाहीतर गुजराती बोलत. पेशंट पाड्यापाड्यांवरचे, आपल्या बोलीत जगणारे. कुठं दुखतं असं विचारलं की ते छताकडे बघत. एकदा एका पोटुशा बाईच्या खाटेखालची फरशी पुसता पुसता नर्मदाने मान वर केली आणि म्हणाली, "डॉक्टर, तिला दुखत नाय. तिची बहीण याच खाटेवर गेली, म्हणून ती रडते." खाट बदलली, बाईचं रडं थांबलं. त्या दिवसापासून सगळीकडून तिलाच हाका. मराठी, गुजराती, हिंदी आणि पाड्यावरची वारली, अशी ती चार घरांतून ये-जा करायची. तिचं नावच पडलं मधली बाई. डॉक्टर आणि पेशंट यांच्या मधे उभी राहणारी.

तिची एक रीत होती. माणूस बोलत असताना ती मधे चकार शब्द काढायची नाही. सगळं ऐकून घ्यायची. मग खाटेच्या दांडीवर हात ठेवून गप्प उभी राहायची. विहिरीत कळशी सोडून दोर हातात धरलेली बाई कशी उभी राहते, तशी. मग बोलायची, आणि बोलायची ते जरा निराळंच असायचं. पेशंटने उच्चारलेलं नसायचं, पण त्याला म्हणायचं तेच असायचं. नव्या डॉक्टरांना त्या गप्प राहण्याचा राग यायचा. जुने डॉक्टर तेवढ्यात चष्मा पुसून घ्यायचे.

सुनिता मसोलीची. डहाणू रोड स्टेशनबाहेर तिच्या वडिलांची भाजीची गाडी, आणि तिचं अर्धं बालपण त्या गाडीच्या चाकापाशी गेलेलं. गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं. चिकूवाडीवाल्यांच्या घरची गुजराती बाई, वीजकेंद्रावरचा बिहारी फिटर, मासळी विकून रिकाम्या टोपलीत भाजी घेऊन जाणारी कोळीण. कुणालाच सगळे शब्द यायचे नाहीत आणि कुणाचं त्यावाचून अडायचंही नाही.

"भाई, पेलुं... शुं कहे छे... धारवाळुं, लांबुं..."

"तुरिया! शिराळं! घ्या ना बेन, सकाळचीच आहेत."

ज्याला शब्द आधी सापडेल त्याने तो फेकायचा, दुसऱ्याने झेलायचा. तिचे वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाला शब्द शोधत उभं ठेवलं की ते पुढच्या गाडीवर जातं. त्या बाजारात दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं हा आगाऊपणा नव्हता. ती माया होती. ठेच लागलेल्याला हात द्यावा, तशी.

पाड्यावर सगळं उलट. म्हातारी माणसं बोलता बोलता थांबत आणि बाकीचे अंगणाकडे बघत बसत. नवी नवरी असताना सुनिताला एकदा वाटलं, चुलतसासरे बोलता बोलता झोपले. विडी लुंगीवर पडेल म्हणून तिने ती हळूच त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

"अगं, विचार करतोय मी!" म्हातारा ओरडला. "विचाराला बी डहाणूवाल्यांची परवानगी लागते का आता?"

पाड्याला तेवढं पुरलं. पुढे कित्येक महिने कुणी गप्प बसलं की दुसरा म्हणायचा, विडी सांभाळ, सुनिता येईल. सर्वांत जास्त हसली ती नर्मदा. हसता हसता तिने सुनेचं डोकं आपल्या खांद्याशी दाबून धरलं होतं. ते हसणं सुनिताला आजही जसंच्या तसं ऐकू येतं, आणि ऐकू येतं तेव्हा ती हातातलं काम टाकून बसते.

साठी उलटल्यावर नर्मदाच्या गप्प राहण्याला लांबी येऊ लागली. सकाळी नाही. सकाळी ती पहिल्यासारखीच असायची. पण दुपारी, पाच-दहा पेशंट झाल्यावर, गुजरातीतून वारलीत शिरताना ती उंबऱ्यातच अडायची. नविनला हाक मारायची तर आधी दिराचं नाव, मग भावाचं, मग कधीच मेलेल्या बैलाचं, आणि मग नविन. "बैलाच्या आधी घेत जा गं आय," नविन म्हणायचा. नविन म्हणजे तिचा मुलगा, सुनिताचा नवरा. सायवन ते तलासरी रिक्षा चालवायचा.

सुनिता बारावी झालेली, पाड्यावरची बोलीही सासरी येऊन उचललेली. नर्मदानेच दवाखान्यात शब्द टाकून तिला आपल्या हाताखाली घेतलं होतं. माझ्यामागं हे काम कुणीतरी करायला पाहिजे, म्हणाली होती. तर त्या सुरुवातीच्याच दिवसांतली गोष्ट. एक बाई छाती धरून आलेली. बाई बोलली, नर्मदाने ऐकलं, दांडीवर हात ठेवला. "तिच्या छातीत..." ती म्हणाली आणि थांबली. डॉक्टरचं पेन कागदावर टेकून उभं. सासूची फजिती होतेय असं तिला वाटलं. मसोलीच्या पोरीने जे केलं असतं तेच तिने केलं.

"जळजळ होते," ती म्हणाली.

नर्मदाने हात वर केला. थांब पोरी, शब्द निघालाय तिकडून, येईलच. पण तोवर डॉक्टरने जळजळ लिहून घेतली होती, आणि पुढचा पेशंट दारात उभा होता.

काही बिघडलं नाही. बाई औषध घेऊन गेली, बरीही झाली असावी. बिघडलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. तिथेच सगळे थबकले असते.

मग ते रोजचंच झालं. नर्मदा अडायची, सुनिता शब्द द्यायची. पहिल्यांदा नर्मदाला त्याचं कौतुक होतं. "ही माझी काठी," ती पेशंटला सांगायची. पुढे पेशंट नर्मदाशी बोलताना डोळे सुनिताकडे ठेवू लागले. मग तोंडही तिकडे करू लागले. कुणी काही ठरवलं नाही. नर्मदाचं स्टूल खाटेपासून भिंतीकडे कधी सरकलं तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही. भिंतीपाशी बसून ती जुनी पट्टी गुंडाळावी तशी पदराची कड बोटाला गुंडाळत राहायची. सुनिता भराभर बोलायची, भराभर सांगायची. सगळे म्हणायचे, सासूची विद्या सुनेने उचलली. रांग लवकर संपू लागली.

घरीही तेच. नर्मदा म्हणायची, "ते आण गं, ते..." आणि तिचं पुरं व्हायच्या आत सूप, कोयता, चष्मा, जे हवं ते हातात. मग ती मागेनाशीच झाली. उठून स्वतः आणायची. मग बोलेनाशी झाली.

नविनच्या मनात भलतंच येऊ लागलं. त्याच्या एका मावशीला विसरायचा रोग झाला होता. शेवटी शेवटी ती स्वतःच्या दारात उभी राहून हे कुणाचं घर म्हणून विचारायची. "आयचं तसंच चाललंय," तो एकदा चुलीपाशी हळूच म्हणाला. "तुला दिसत नाय का?" सुनिताला दिसत होतं. म्हणूनच ती आणखी घाईने शब्द देत होती, कुणाला कळू नये म्हणून.

दवाखान्यात दर गुरुवारी डॉक्टर मयूरी यायची. नरपडच्या चिकूवाडीवाल्यांची मुलगी, मुंबईला मेंदूचं शिकलेली. तिच्यासमोर सुनिता सासूला घेऊन बसली. डॉक्टरने वार विचारला, महिना विचारला, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मग पाच शब्द सांगितले, मधे इकडचं तिकडचं बोलली आणि ते शब्द परत विचारले. नर्मदाने चार सांगितले. पाचव्यासाठी तिने डोळे मिटले.

सुनिताचे ओठ हलले.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाली.

सुनिता बाहेर गुलमोहराखाली बसली. बऱ्याच वेळाने आत बोलावलं तेव्हा नर्मदा खुर्चीत जरा ताठ बसलेली दिसली. "पाचवाही आला," डॉक्टर म्हणाली. "वेळ लागला. पण आला."

रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. डॉक्टर मयूरी मुंबईतल्या एका अभ्यासातही होती. धडधाकट म्हाताऱ्या माणसांचा मेंदू साखर कशी वापरतो ते त्यांना बघायचं होतं. येता का, असं तिने नर्मदालाच विचारलं. सुनिताने तोंड उघडायच्या आत नर्मदा हो म्हणाली. दवाखान्याच्या जीपमधून तिघी हायवेने गेल्या. उपाशीपोटी सुई दिली, एका अंधाऱ्या खोलीत पडायला सांगितलं, आणि तिथल्या माणसाने बजावलं, आजी, डोळे मिटा, बोलायचं नाही.

"बोलायचं नाही हे सांगायला मला मुंबईला आणलं होय?" बाहेर आल्यावर नर्मदा म्हणाली. "आणि सुईतून साखर घातली म्हणे. चहा मात्र नाय दिला."

डॉक्टर मयूरी पोट धरून हसली. सुनिताही हसली. पण बोलायचं नाही हे शब्द तिला कुठेतरी लागले. परतीच्या वाटेवर ती काचेतून बाहेरच बघत राहिली.

पुढे एका गुरुवारी डॉक्टरने मेंदूचं रंगीत चित्र टेबलावर ठेवलं. नविनही रिक्षा बाजूला लावून आला होता.

"रोग नाही," डॉक्टरने आधी तेवढंच सांगितलं. नविनने नुसता श्वास सोडला. "तो रोग असता तर साखर कमी उचलणाऱ्या जागा निराळ्या दिसतात. हे वयाचं आहे. आपला मेंदू वजनाने शरीराचा पन्नासावा भाग असेल नसेल. पण माणूस नुसता बसून असला तरी शरीरात जेवढी शक्ती खर्च होते, तिच्यातला पाचवा वाटा तो एकटा खातो."

"एवढा खादाड?" नर्मदाने विचारलं.

"खादाडच. आणि गाठीला फारसं काही बांधत नाही. रक्तातून साखर येईल तशी जाळायची. तरुणपणी मागितलं की लगेच मिळतं. वय झालं की रक्त थोडं कमी पोचतं, साखर थोडी कमी उचलली जाते, आणि पेशीपेशीत ज्या बारीक भट्ट्या असतात, साखरेतून शक्ती काढणाऱ्या, त्याही मंद होतात. इथे, कपाळामागे, जास्त." तिने चित्रावर बोट ठेवलं. "आणि नेमकी हीच जागा एक भाषा मागे सारून दुसरी पुढे आणायला लागते. तुम्ही तर चार भाषांत फिरता. दुपारपर्यंत दमणारच."

"मग गोड जास्त द्यावं का?" नविन म्हणाला. "गूळ, शिरा, काही?"

"अजिबात नको. रक्तातली साखर वाढवून मेंदूला ती मिळत नाही, उलट नासधूसच होते. जेवण वेळेवर, रोज चालणं, झोप पुरी, ब्लडप्रेशर बघत राहायचं. आणि हे ऐका, शब्द कुठेही गेलेले नाहीत. या वयाच्या माणसाकडे तुमच्या-माझ्यापेक्षा शब्द जास्तच असतात. मेंदू तेच काम करायला आणखी चार जागांना हाताशी घेतो. त्यात वेळ जातो. एवढंच."

नर्मदा चित्राकडे वाकून बघत होती. लाल, पिवळं, मधे निळसर. "एवढं सगळं दाखवलंस डॉक्टर," ती म्हणाली, "शब्द कुठं अडतो ते नाय दाखवलंस."

"ते आम्हालाही दिसत नाही," डॉक्टर म्हणाली.

सुनिताने मग एक विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढे वाटायचं. "डॉक्टर, साखर कमी मिळते म्हणून मेंदू काम कमी करतो, की काम कमी झालं म्हणून तो साखर कमी घेतो?"

डॉक्टर मयूरीने चित्र बाजूला सारलं. "खरं सांगू? हे अजून नीट उलगडलेलं नाही. दोन्ही असावं." मग ती सुनिताकडे वळली. "तुम्ही एक करा. त्यांना शब्द देऊ नका. शोधू द्या."

त्या रात्री नविन घोरत पडला, आयला काही झालेलं नाही म्हणून निर्धास्त. सुनिताला मात्र तो प्रश्न उशाशी घेऊन पडावं लागलं. आय मंदावली म्हणून मी बोलू लागले, की मी बोलू लागले म्हणून आय मंदावली? आधी काय झालं? स्टूल आधी सरकलं की शब्द आधी अडला? ती मागे मागे जाऊन बघायची. प्रत्येक ठिकाणी तिला आपलंच तोंड उघडं दिसायचं.

तिने थांबायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. नर्मदा अडली की सुनिताच्या घशात तो शब्द उकळी आल्यासारखा वर यायचा, आणि ती पदर दातांत धरायची. घरात हळूहळू जमू लागलं. एका दुपारी दोघी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या आणि नर्मदा आपण होऊन सांगू लागली. लहानपणी ती आईबरोबर डहाणूच्या बाजूला वाडीत गवत काढायला गेली होती. चिकूची झाडं तिने आधी पाहिली नव्हती. झाडांच्या मागून कसला तरी आवाज येत होता, कुणी मोठं जनावर धापा टाकतंय असा. ती एकटीच त्या आवाजाच्या रोखाने गेली. झाडं संपली आणि समोर समुद्र.

"मी पहिल्यांदा बघितला तो," नर्मदा म्हणाली. "आणि मला वाटलं..."

ती थांबली. वालाची शेंग तिच्या बोटांत अर्धी सोललेली. सुनिताने पदर दातांत धरला. कोंबडी सुपापाशी आली, एक दाणा टिपून गेली. नर्मदाचे डोळे कुठेतरी लांब होते आणि चेहऱ्यावर ती जुनी विहिरीवरची बाई परत आली होती, दोर हातात घेऊन. सुनिता थांबली होती. खरंच थांबली होती.

रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली. "काय, मौनव्रत धरलंय का दोघींनी?" नविनने उतरता उतरता विचारलं.

"आय समुद्राचं सांगते," सुनिता दबक्या आवाजात म्हणाली. "पहिल्यांदा बघितला तेव्हा काय वाटलं ते."

"वाटणार काय? भीती वाटली असेल."

नर्मदाने मुलाकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "भीती." आणि सूप उचलून आत गेली.

सुनिता नवऱ्यावर फिस्कारली, "तुम्हाला काय घाई होती? गिऱ्हाईक चाललं होतं का तुमचं?" नविनला कळेना, त्याने काय केलं. त्याने तर आईला मदत केली होती. सुनिता बोलत राहिली आणि बोलता बोलता तिलाच आपला आवाज ओळखीचा वाटेना. समुद्राचं पुढे तिने दोनदा विचारलं. "सांगितलं की," नर्मदा म्हणायची, "भीती वाटली."

दिवाळीनंतर नर्मदा दवाखान्यात जायची थांबली. कुणी काढलं नव्हतं. सकाळी नविनची रिक्षा निघायची तेव्हा ती गोठ्याकडे असायची, एवढंच. मग एका बुधवारी डॉक्टर मयूरीचा सुनिताला फोन आला. चैत्या नावाचा एक म्हातारा दाखल झाला होता, सायवनच्याही आतल्या बाजूचा. मधुमेहाने पायाचं बोट काळं पडलेलं. बोट काढलं नाही तर पाय जाणार होता, आणि म्हातारा कुणाला हात लावू देत नव्हता. नरमदेला बोलवा, एवढंच म्हणत होता.

"मला त्या परत यायला हव्या आहेत," डॉक्टर म्हणाली. "व्यवस्थापकांशी बोलले आहे. सकाळचे दोन तास, दमायच्या आत. ते म्हणाले, उद्या मी स्वतः बघतो, जमलं तर ठेवू. तेव्हा उद्या बोलतील त्या. तुम्ही मागे उभ्या राहा. कळलं ना?"

"कळलं," सुनिता म्हणाली.

रात्री तिने सासूला सांगितलं. नर्मदा कूस बदलून झोपली. पण पहाटे सुनिता उठली तेव्हा चूल पेटलेली होती, नर्मदाने भाकरी खाऊन घेतली होती, हिरवं लुगडं नेसलं होतं आणि ती अंगणात या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. सुनिता जवळ गेली तेव्हा कळलं, ती शब्द घोळवत होती. पाय, बोट, नख, रक्त. मग तेच गुजरातीत. मग हिंदीत. शाळेत जाणाऱ्या पोरीसारखी. सुनिता मागच्या मागे घरात वळली.

चैत्या खाटेवर पाय लांब करून बसला होता. नर्मदाला बघून त्याचं बोळकं उघडलं. "आली! नरमदे, या डाक्टरीणबाईला आधी नखं कापाया शिकव. थेट बोट कापाया निघाली ती!"

"तुझी नखं कापाया कुऱ्हाड लागंल," नर्मदा म्हणाली, आणि सगळे हसले. भिंतीपाशी उभे राहिलेले व्यवस्थापकसुद्धा. सुनिताने भिंतीजवळचं स्टूल आपल्या हाताने उचलून खाटेपाशी ठेवलं, आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली. तिला वाटलं, झालं. सगळं परत जागेवर आलं.

डॉक्टर बोलली. नर्मदाने सगळं ऐकलं, गप्प राहिली, आणि चैत्याला सांगितलं. नीट सांगितलं. मग चैत्या बोलू लागला. खूप बोलला. आपल्या बापाचं, नांगराचं, त्या बोटाने किती चिखल तुडवला त्याचं. हे बोट माझ्याआधी कुठं जाणार, असं काहीतरी म्हणाला. ते तुम्ही कचऱ्यात टाकाल, म्हणाला. शेवटी आवाज खाली आणून त्याने एक मागितलं आणि नर्मदाच्या तोंडाकडे बघत राहिला.

नर्मदाने दांडीवर हात ठेवला.

"तो म्हणतो," ती डॉक्टरला म्हणाली, "बोट काढा. पण ते बोट त्याला..."

आणि थांबली.

डॉक्टर मयूरी थांबली. चैत्या तर पाड्यावरचाच. तो खिडकीबाहेर गुलमोहराकडे बघत निवांत बसला. नर्मदाचे डोळे मिटले होते. दोर खाली खाली चालला होता. व्यवस्थापकांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. त्यांनी घसा खाकरला. सुनिताने तो आवाज ऐकला. तिने पदर दातांत धरला. तिला दिसत होतं की नर्मदाच्या कपाळावर आठी उमटतेय, ओठ जरासे विलग होताहेत, काहीतरी येतंय, वर येतंय. व्यवस्थापकांनी पाय बदलला. आता ते बोलणार, आता म्हणणार की राहू दे, आणि आयचं हे काम जाणार, या डोळ्यांदेखत जाणार. ठेच लागलीय, पडतेय, हात दे.

"पुरायचंय!" सुनिता म्हणाली. "बोट त्यांना परत हवंय. स्वतःच्या जागेत पुरायला."

चैत्याने तिच्याकडे मान वळवली. तिने तेच त्याच्या बोलीत विचारलं. त्याने मान हलवली. हां, तेच, तसंच काहीतरी. "मग देऊ की," डॉक्टर हळूच म्हणाली, "नियम बघून देता येईल." सुनिताने तेही त्याला सांगितलं. तो आणखी काही म्हणाला, तिने तेही सांगितलं. तिला थांबताच येईना. चैत्या कबूल झाला. त्याने पाय पुढे केला. व्यवस्थापक म्हणाले, "छान, छान," आणि सुनिताकडे बघून हसले.

डॉक्टर मयूरी कुणाकडेच बघत नव्हती.

नर्मदाने डोळे उघडले होते. तिच्या तोंडात शब्द आला होता की नाही, आणि आला होता तर तो पुरण्याचाच होता की दुसरा कुठला, हे सुनिताला समजलं नाही. ओठ तसेच विलग होते. मग ते मिटले. तिने दांडीवरचा हात काढला, चैत्याच्या गुडघ्यावर क्षणभर ठेवला. खाली वाकून आपली पिशवी घेतली. स्टूल उचललं आणि होतं तिथे, भिंतीपाशी, सुनिताच्या पायांजवळ आणून ठेवलं.

"आय," सुनिता म्हणाली.

नर्मदा तिच्यासमोर थांबली. सुनिताने या वेळी पुढचा शब्द कुणाला दिला नाही, स्वतःलाही नाही. ती वाट बघत राहिली. नर्मदाने तिच्या दातांतून निसटलेला पदर खांद्यावर नीट केला, आणि दारातून बाहेर गेली.